चुकायला शिकवणारं विमान

ज्या विमानाला मी कधी हातही लावलेला नाही, त्याची मला आठवण येते. विचित्र आहे, मान्य. दोष ‘स्काय किंग’ या जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकेचा. १९५१मध्ये सुरू झालेली ही कृष्णधवल मालिका मी रात्री मोबाइलवर बघायला लागलो. अ‍ॅरिझोनातला एक रँचमालक, त्याची पुतणी पेनी, पुतण्या क्लिपर आणि ‘साँगबर्ड’ नावाचं दोन इंजिनांचं विमान. संकट येतं, विमान उडतं, अर्ध्या तासात सगळं निस्तरतं. पुढे साँगबर्ड बदलून धातूचं सेस्ना ३१० आलं, तेव्हा मला चक्क वाईट वाटलं.

पहिलं साँगबर्ड होतं सेस्ना टी-५०. १९३९मध्ये ते पहिल्यांदा उडालं. बनवलं होतं साध्या नागरी प्रवासासाठी, पाच माणसांचं. मग युद्ध पेटलं आणि अमेरिकेच्या, कॅनडाच्या हवाई दलांनी ते शिकाऊ वैमानिकांसाठी घेतलं. अशी पाच हजारांहून अधिक विमानं बनली. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख आणि शेपूट लाकडाची, वरून कापड. वैमानिकांनी नाव ठेवलं ‘बांबू बॉम्बर’. त्यात बांबू नव्हता आणि बॉम्बही नव्हते. त्याच्या जेकब्स इंजिनांना ते ‘शेकी जेक’ म्हणत, म्हणजे थरथरणारा जेक. अशी थट्टा माणूस धाकाच्या वस्तूची करत नाही, घरातल्या वस्तूची करतो.

या विमानाचं खरं काम होतं एक इंजिन बंद पडल्यावर काय करायचं ते शिकवणं. दोन इंजिनांतलं एक थांबलं, की विमान बंद पडलेल्या बाजूला वळू लागतं. पायाने उलट्या बाजूचं रडर दाबून ते सरळ ठेवावं लागतं. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला, तर तेवढंही पुरत नाही. म्हणून शिक्षक शेजारी बसून मुद्दाम एका इंजिनाची ताकद काढून घेत आणि विद्यार्थी काय करतो ते बघत. एका बाजूची ताकद अचानक गेली तरी घाबरायचं नाही, हा सगळा अभ्यास.

‘स्काय किंग’वर माझा आक्षेप इथेच आहे. मालिकेने विमानाला खरंखुरं पात्र केलं, त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण तिने ते विमान कधीच न चुकणाऱ्या माणसाच्या हाती दिलं. स्कायचे हात थरथरत नाहीत. ज्या यंत्राचा जन्म चुका पचवण्यात गेला, त्याच्या भोवतीच्या गोष्टीत चुकीला जागाच नाही. मग आठवण उरते ती फक्त इंजिनाच्या घुमण्याची आणि मोकळ्या आभाळाची.

जे गाळलं गेलं ते छोटं नव्हतं. युद्धाच्या काळात खुद्द अमेरिकेच्या भूमीवर झालेल्या लष्करी विमान अपघातांत सुमारे १५ हजार माणसं गेली. कितीतरी जण शिकत असतानाच, शत्रूचं एकही विमान न बघता. सगळे काही टी-५०मध्ये नव्हते. पण ‘प्रशिक्षण विमान’ हा शब्द ऐकून आपल्याला जे उबदार वाटतं, त्याच्या तळाशी हा आकडाही आहे.

मी गाडी शिकलो ती ड्रायव्हिंग स्कूलच्या खटारा गाडीत. शिक्षकांच्या पायाशीही ब्रेक होता. चढावर गाडी मागे घसरली, मी गारठलो, त्यांनी शांतपणे ब्रेक दाबला आणि म्हणाले, “परत.” ती गाडी आज दिसली तर मी थांबून बघेन. आता माझ्या शेजारी कुणाच्याच पायाशी ब्रेक नाही.

टी-५०मध्येही दोन जण शेजारीशेजारी बसत, दोघांसमोर नियंत्रणं. मला आठवण येते ती त्या दुसऱ्या खुर्चीची. मालिकेने मला विमान दाखवलं, त्या खुर्चीवर बसून “परत” म्हणणारं माणूस मात्र दाखवलं नाही.