रविवारचा डोह

नदीकांठीं गळ टाकून बसलेला माणूस म्हटला म्हणजे सुशिक्षित वाचकाच्या मनांत एक शांत चित्र उभें राहतें. झाडाची सावली, संथ पाणी, पाण्यावर डुलणारा तरंगा, आणि त्याकडे टक लावून बसलेला कोणी निरुपद्रवी गृहस्थ. हें चित्र रूढ करण्यांत इंग्रज ग्रंथकार आयझॅक वॉल्टन याचा मोठा वांटा आहे. त्याचें 'कंप्लीट अँग्लर' हें पुस्तक सन १६५३ मध्यें निघालें. राजा व पार्लमेंट यांच्यामधील यादवीनें देश पोळून निघालेला असतां साठीच्या घरांतल्या या गृहस्थानें ली नदीच्या कांठानें गळाची काठी घेऊन हिंडणाऱ्या माणसांचे संवाद लिहिले, आणि चिंतनशील माणसाची करमणूक ती हीच, असें ग्रंथाच्या उपशीर्षकांतच सांगून टाकलें. तेव्हांपासून गळानें मासे धरणारा म्हणजे अर्धा ऋषि, अशी समजूत होऊन बसली आहे.

ज्या गोष्टीविषयीं आम्हांला लिहावयाचें आहे तिनें या ऋषीला पाण्यांत ढकलून दिलें आहे. गी द मोपासां याची 'ल त्रू' ही लघुकथा सन १८८६ मध्यें पॅरिसच्या एका वृत्तपत्रांत प्रथम आली व पुढील वर्षीं 'ल ओर्ला' या संग्रहांत समाविष्ट झाली. गोष्ट अवघ्या चार-सहा पृष्ठांची. विषय म्हणाल तर एका नवराबायकोचा मासे धरण्यांत गेलेला एक रविवार. मोपासांनें लिहिलेल्या अनेक प्रहसनांपैकीं हें एक, असें समजून वाचक बहुधा हिला हंसतो आणि पुढच्या गोष्टीकडे वळतो. आम्हींही पहिल्या वाचनांत तसेंच केलें. दुसऱ्या वाचनांत मात्र तितकें हंसूं आलें नाहीं. असें कां झालें, तें पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कथेची मांडणी न्यायालयांत आहे. लेओपोल रनार नांवाचा, गाद्या व बैठकी मढविण्याचा धंदा करणारा एक इसम आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा आहे. मारहाण व तींतून ओढवलेला मृत्यु, हा आरोप. फ्लामेश नांवाच्या मृत माणसाची विधवा साक्षीदारांत बसली आहे; आरोपीची बायको मेली हीही तेथेंच आहे. बाकीची गोष्ट म्हणजे रनारची जबानी. तो अध्यक्ष न्यायाधीशांस उद्देशून, बाजारी पॅरिसकराच्या तोडक्या, घरगुती बोलींत, मध्येंच आपल्या सद्गुणांची ग्वाही देत, घडलेली हकीकत सांगतो.

हकीकत अशी. हें जोडपें दर रविवारीं सीन नदीवर प्वासी येथें गळ टाकावयास जातें. पॅरिस-रुआं लोहमार्ग सन १८४३ मध्यें झाला, तेव्हांपासून प्वासी हें पॅरिसच्या दुकानदाराला एका दिवसांत जाऊन येण्याजोगें गांव झालें होतें. तीन वर्षांपूर्वीं रनारला तेथें एक जागा सांपडली: वर सावली, खालीं आठ फूट, कदाचित् दहा फूट पाणी, आणि कांठाखालीं माशांना दडण्याजोग्या कपारी. आपण या जागेचे कोलंबस आहोंत, असें तो न्यायाधीशांना सांगतो. साऱ्या गांवांत ती 'रनारची जागा' म्हणून ओळखली जाते. एका रविवारीं पहांटे त्यांना पोंचावयास उशीर होतो, आणि पाहतात तों जागेवर दुसरेंच जोडपें! पांढऱ्या कपड्यांतला, मोठी गवती टोपी घातलेला एक किडकिडीत माणूस गळ टाकून बसला आहे, आणि त्याच्या मागें त्याची लठ्ठ बायको भरतकाम करीत आहे.

नदी कोणाच्या मालकीची नाहीं. कायद्यानें पाहिलें तर फ्लामेशनें कोणताच गुन्हा केलेला नाहीं. पण वहिवाट म्हणून एक चीज असते, आणि तिच्यापुढें कायदा फिका पडतो, हें आपणांपैकीं कोणाला ठाऊक नाहीं? आगगाडींतली रोजची खिडकीजवळची जागा, कीर्तनांतली खांबाजवळची जागा, वाचनालयांतली पंख्याखालची खुर्ची. तेथें परका माणूस बसलेला दिसला कीं भल्या भल्या शांत गृहस्थांच्या कपाळाला आठ्या पडतात. रनारची जळफळ आम्हांला परकी वाटत नाहीं ती यामुळेंच.

या ठिकाणीं मासे धरण्याच्या विद्येची थोडी माहिती वाचकाला हवी, नाहींपेक्षां कथेचा मुख्य खिळा दिसणार नाहीं. यांत ट्राउट किंवा सामन असले खानदानी मासे नाहींत. इंग्रज ज्यांना 'कोर्स' म्हणजे जाडेभरडे मासे म्हणतात त्या वर्गांतला शेव्हेन हा या कथेंतला मासा. इंग्रजींत याला चब म्हणतात. अंगानें जाड, तोंड मोठें, खाण्याला विधिनिषेध नाहीं: किडा, पाव, फळ, लहान मासा, जें मिळेल तें गिळतो. झाडाच्या मुळांखालीं, कांठाच्या सावलींत खोल पाणी असलें कीं तेथें तो ठाण देऊन राहतो. याच्या मांसांत कांटे फार. फ्रेंच लोक या माशाला अगदींच हलका समजतात, असें वॉल्टननेंही लिहून ठेवलें आहे. म्हणजे ज्या माशापायीं एक माणूस जिवाला मुकला त्याला ताटांतही फारसा मान नव्हता! असले मासे एका ठिकाणीं जमावेत म्हणून जाणता गळकरी आदल्या संध्याकाळींच त्या जागीं आमिषाचे गोळे टाकून ठेवतो. मासे रात्रभर तेथें घोटाळत राहतात आणि सकाळीं जो पहिला गळ टाकील त्याला ते लागतात.

रनारनें शनिवारीं संध्याकाळीं नेमकें हेंच केलें आहे. पैसे त्यानें खर्चले, मेहनत त्यानें केली, आणि रविवारीं सकाळीं त्यानें गोळा केलेले मासे एकामागून एक फ्लामेशच्या गळाला लागूं लागले. मेली मोठ्यानें पुटपुटते कीं हे तर चोरलेलेच मासे. निदान आमिषाचा खर्च तरी भरून द्यावा. येथें बोलण्याला तोंड फुटतें. बायकांची बाचाबाची होते, छत्री उगारली जाते, झोंबाझोंबी होते. फ्लामेश मेलीवर धांवून जातो. रनार त्याला दोन ठोसे लगावतो. तो मागच्या मागें पाण्यांत पडतो, आणि पडतो तो बरोबर त्या खोल जागेंत.

यापुढचा भाग कथेचा प्राण आहे. त्याला ओढून काढण्याचें माझ्या मनांत होतें, असें रनार सांगतो. पण इकडे लठ्ठ बाई मेलीला बदडून काढीत होती. पाण्यानें त्याचें डोकें जरा थंड होईल, असें आपणांस वाटलें, अशी तो कबुली देतो. बायकांना सोडविण्यांत पांच मिनिटें गेलीं, कदाचित् दहा. मागें वळून पाहतो तों पाणी तळ्यासारखें शांत. त्याला पोहतां येत नाहीं, बुडी मारतां येत नाहीं. जलद्वाराचा रखवालदार आंकडे घेऊन येतो, बराच वेळ शोध चालतो, आणि प्रेत सांपडतें तें आठ फूट पाण्याखालीं, डोहाच्या तळाशीं. साक्षीदार रनारच्या म्हणण्याला दुजोरा देतात. आरोपी निर्दोष सुटतो. गोष्ट संपते.

आठ फूट हा आंकडा कथेंत दोनदां येतो. प्रथम येतो तो बढाईचा भाग म्हणून: केवढी खोल जागा, केवढें भाग्य! दुसऱ्यांदा येतो तो पंचनाम्याचा भाग म्हणून. एकच माणूस, एकाच जबानींत, तोच आंकडा दोनदां उच्चारतो, आणि या दोन उच्चारांचा संबंध त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. मोपासां स्वतः एक शब्द बोलत नाहीं. दुसरा एखादा लेखक असता तर येथें नियतीवर परिच्छेद खर्ची पडला असता. आमच्या मासिकांतून येणाऱ्या कथांत तर तो हटकून आलाच असता.

पण आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मेलीचा प्रश्न. साऱ्या अनर्थाचें मूळ ती, असें रनार प्रारंभींच सांगतो. मासे धरण्याचा नाद तिनेंच लावला. तिच्या चिथावणीला भुललों असतों तर महिन्याला तीन मारामाऱ्या केल्या असत्या. दिसायला एवढीशी, पण महा कजाग. वाचक हंसतो आणि हें सारें खरें धरून चालतो. नावेचें नांवही त्यानें दलीला ठेवलें आहे. बायबलांतल्या ज्या स्त्रीनें सॅमसनचे केस कापवून त्याचें बळ हिरावलें तिचें हें नांव. पण हें सारें सांगतो कोण? आरोपी. आपल्या मानेवरचें ओझें दुसऱ्याच्या मानेवर देण्यांत ज्याचा जीव गुंतला आहे तो. कथेंत एका क्षणीं मेली त्याला मध्येंच टोकते. तेव्हां तो अगदीं भोळेपणानें तिला समजावतो कीं आरोप तुझ्यावर नाहीं, म्हणून तुझ्यावर ढकलावयास हरकत नाहीं. या एका वाक्यानें साऱ्या जबानीचा रंग पालटतो. येथून पुढें वाचकानें सावध राहावें, अशी ती खूण आहे, आणि पहिल्या वाचनांत आम्हांला ती दिसली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. रनार म्हणजे फ्रेंच भाषेंत कोल्हा, हेंही आम्हांला मागाहूनच आठवलें.

दोघेजण पाण्याच्या कांठावर झुंजत असतां ठोसे मारणारे हात रनारचे होते. मागें वळून न पाहणारे डोळे रनारचे होते. तरी कथा संपल्यावर वाचकाच्या मनांत दोषी ठरते ती बायकोच. न्यायालयानें नवऱ्याला सोडलें. बायकोला मात्र वाचकानें शिक्षा ठोठावली, आणि तीही तिचें म्हणणें न ऐकतां! हें कौशल्य मोठें आहे यांत शंका नाहीं. परंतु येथेंच आमची तक्रारही आहे. नवऱ्यानें बायकोला कजाग म्हणावें, तो त्याचा स्वभाव व त्याची गरज. मोपासां मात्र रनारनें तोंड उघडण्यापूर्वींच, स्वतःच्या अधिकारांत, या बाईला बाईचे कपडे घातलेल्या माकडिणीची उपमा देऊन बसतो. तराजूच्या एका पारड्यावर ग्रंथकारानें स्वतःचा अंगठा दाबला, तर तोललेल्या मालाचा काय भरंवसा? रनारच्या जबानींतला खोटेपणा ज्यानें इतक्या नाजूकपणें दाखविला त्यालाच ही उपमा कां सुचावी, हें कोडें आहे. बायकांविषयींची हेटाळणी त्याच्या इतरही पुष्कळ गोष्टींत आहे. पण तेथें ती कथेशीं मिळून जाते, येथें ती कथेच्या उलट जाते.

मोपासांच्या 'द झामी', म्हणजे 'दोन मित्र', या गोष्टीची येथें आठवण होते. ती १८८३ सालची. १८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यांत दोन सामान्य दुकानदार, मोरिसो व सोव्हाज, पूर्वींच्या रविवारांच्या आठवणीनें व्याकुळ होऊन सीनच्या कांठीं लहान लहान मासे धरावयास जातात आणि प्रशियन सैनिकांच्या हातीं सांपडतात. परवलीचा शब्द सांगत नाहींत म्हणून त्यांना गोळ्या घालतात, प्रेतें नदींत फेकतात, आणि त्यांनीं धरलेले मासे अधिकारी तळावयास सांगतो. ही गोष्ट थोर आहे, पण तिच्यांत दोष कोणाचा तें वाचकाला शोधावें लागत नाहीं. शत्रु गणवेष घालूनच येतो. 'ल त्रू' मध्यें गणवेष नाहीं. चौघेही सुटीच्या दिवसाचे कपडे घालून, मुकाट्यानें मासे धरावेत म्हणून आलेलीं माणसें आहेत. शिवाय रनार व मेली यांचें लग्न नीरस नाहीं. एकाच छंदाची दोघांना सारखी ओढ आहे. आठवडाभर दुकान, शनिवारीं आमिष, रविवारीं नदी. पतिपत्नींनीं एकमेकांच्या आवडींत भाग घ्यावा म्हणजे संसार सुखाचा होतो, असा उपदेश आपल्याकडे वधूवरांस करतात. या जोडप्यानें तो तंतोतंत पाळला होता. आमच्या मतें हीच या गोष्टीची खरी धार आहे, आणि 'दोन मित्र' ला ती नाहीं.

हें वातावरण मोपासांला ऐकीव नव्हतें. १८७० नंतरच्या दशकांत तो पॅरिसमध्यें सरकारी कारकून होता आणि सुटी मिळाली कीं सीनवर नाव वल्हवीत असे. रनारची नाव ज्या फुर्नेझच्या कारखान्यांत बांधली, तो शातू गांवचा खरोखरीचा नावाडी. त्याच्याच खानावळीच्या सज्जांत रेन्वारनें आपलें नौकाविहाऱ्यांच्या भोजनाचें प्रसिद्ध चित्र १८८०-८१ मध्यें रंगविलें. चित्रांतले लोक तरुण व देखणे आहेत. रनारसारखे त्यांत बसले नसते.

ही गोष्ट मराठींत आणूं पाहणाराला दोन अडचणी येतील. पहिली मथळ्याची. 'त्रू' म्हणजे साधें भोंक, खड्डा. नदींतल्या अशा जागेला आपण डोह म्हणतों, कोंकणांत कोंड म्हणतात. डोह म्हटलें कीं कालिया आठवतो, यमुना आठवते, आणि शब्दाला एक गूढ छाया येते, जी रनारच्या बाजारी बोलींत कोठेंच नाहीं. आम्हींही वर मथळा देतांना तोच शब्द घेतला, कारण दुसरा सुचला नाहीं. पण 'खळगा' अधिक प्रामाणिक ठरला असता. दुसरी अडचण बोलीची. ही जबानी ग्रंथिक मराठींत उतरविली तर ती वकिलानें लिहून दिलेली कैफियत होईल आणि गोष्ट जागच्या जागीं मरेल. तिला पेठेंतल्या दुकानदाराची, 'साहेब, खोटं कशाला बोलूं' या थाटाची, मधूनच घसरणारी भाषा हवी. बायकोचें नांव मात्र बदलण्याची गरज नाहीं. 'मेली' हें नांव मराठी कानाला जसें लागेल तसें फ्रेंच कानाला कधींच लागलें नसेल, आणि रनारनें तें आमच्या उच्चारांत ऐकलें असतें तर त्याला तें पसंतच पडलें असतें.