यंत्राची भाषा आणि अधिकाराचा प्रश्न

भाषा आणि तंत्रज्ञान या विषयावरील एका परिसंवादाला मी काही महिन्यांपूर्वी गेलो होतो. एका विद्वान वक्त्यांनी 'संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा आहे, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनीच मान्य केले आहे' असे सांगितले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, 'सर, संस्कृतमध्ये लिहिलेला आणि आज कुठे तरी वापरात असलेला एखादा प्रोग्राम सांगाल का?' आधी पाणिनी वाचून ये, असे वक्त्यांनी त्याला सांगितले. विद्यार्थी खाली बसला. प्रश्न उभाच राहिला.

मी साहित्य शिकवणारा माणूस आहे. संगणकशास्त्राचा जाणकार नाही. पण त्या उत्तराचा घाट माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाही, प्रश्न विचारणाऱ्याचा अधिकार तपासायचा, ही रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी पुष्कळ सोसली आहे. म्हणून संगणकाच्या जगात भाषा, ऑपरेटिंग सिस्टीम आणि यंत्रसामग्री यांवरून जे गाजलेले वाद झाले, त्यांतील काही मूळ लेखन मी वाचून काढले. ते वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवली. अशा प्रत्येक वादात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. कोणते साधन चांगले, हा पहिला. बोलण्याचा अधिकार कुणाला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या आडोशाने दुसरा आपला कार्यभाग साधून घेतो. हे दोन प्रश्न वेगळे करणे हे समीक्षेचे काम आहे.

प्रथम संस्कृतचाच दावा पाहू. त्याचे मूळ १९८५ साली 'एआय मॅगझिन' या अमेरिकन नियतकालिकात आलेल्या रिक ब्रिग्ज यांच्या लेखात आहे. ब्रिग्ज हे नासाच्या एम्स संशोधन केंद्राशी संबंधित होते. संस्कृत वैयाकरणांनी वाक्याचा अर्थ संदिग्धता न ठेवता उलगडून मांडण्याची एक पद्धत विकसित केली होती आणि ती कृत्रिम बुद्धिमत्तेतील अर्थजाळ्यांच्या मांडणीशी जुळते, असे त्यांनी दाखवण्याचा प्रयत्न केला. लेखाचा विषय एवढाच. त्यात प्रोग्रामिंगची कोणतीही नवी भाषा नाही, आणि एका संशोधकाचा लेख म्हणजे नासाचा निर्णय नव्हे. त्याआधी १९६७ साली इंगरमन यांनी प्रोग्रामिंग भाषांचे व्याकरण लिहिण्याच्या बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना एका पत्रातून केली होती. सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेचे संपूर्ण व्याकरण बांधणाऱ्या पाणिनीची ही योग्यच कदर होती. ती नाकारण्याचे मला काही कारण दिसत नाही.

परंतु भाषेचे व्याकरण काटेकोर लिहिले गेले आहे, ही एक गोष्ट झाली. त्या भाषेत यंत्राला हुकूम देता येतो, ही दुसरी. संगणकाच्या प्रोसेसरला फक्त त्याच्या स्वतःच्या अंकबद्ध सूचना कळतात. माणसाने लिहिलेला मजकूर त्या सूचनांत उतरवण्यासाठी मध्ये कंपायलर नावाचा दुभाषी लागतो. १९५२ साली ग्रेस हॉपर यांनी या जातीचा एक आरंभीचा प्रोग्राम तयार केला. दुभाषी एकदा तयार झाला की वर इंग्रजीतले 'इफ' लिहा, मराठीतले 'जर' लिहा किंवा संस्कृतातले 'यदि' लिहा, यंत्राला त्याचे सोयरसुतक नसते. यंत्राला मातृभाषा नाही, कुळ नाही, गोत्र नाही.

मग टाळ्या कशासाठी? ज्या भाषेचे दरवाजे आपल्या लोकांना शतकानुशतके बंद होते, तीच भाषा या नव्या युगाचीही मालकीण आहे, असे ऐकायला मिळाले म्हणून. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकवले गेले नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत शिकून घेतले, आणि १९४९ साली ती भारताची राजभाषा व्हावी या सूचनेला त्यांनी पाठिंबा दिल्याचे वृत्तही वर्तमानपत्रांत आले. तेव्हा आमचे भांडण त्या भाषेशी नाही, तिच्या दारावर बसलेल्या पहारेकऱ्याशी आहे. आज तो पहारेकरी संगणकाचे नाव घेऊन बसू पाहतो आहे.

हा रोग केवळ आपल्याकडचा आहे, असे समजण्याचे मात्र कारण नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा हे संगणकशास्त्रातले फार मोठे नाव. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांनी १९७५ साली लिहिलेले एक छोटे टिपण आजही प्रोग्रामिंग भाषांच्या वादात लोक एकमेकांच्या तोंडावर फेकत असतात. कोबोल भाषेच्या वापराने बुद्धी पंगू होते, म्हणून ती शिकवणे हा गुन्हा मानला पाहिजे, असा त्यातील एका विधानाचा आशय आहे. दुसऱ्याचा आशय असा, की ज्यांचा आधी बेसिक भाषेशी संबंध आला त्या विद्यार्थ्यांना चांगले प्रोग्रामिंग शिकवणे जवळजवळ अशक्य. त्यांच्या मनाची मोडतोड सुधारण्यापलीकडे गेलेली असते.

यातील तांत्रिक भाग बाजूला काढून पाहिला तर तो बराचसा खरा आहे. त्या काळच्या बेसिकमध्ये एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर मनमानी उडी मारण्याची सवय लागत असे आणि मोठा प्रोग्राम गुंतवळासारखा होऊन बसे. अशा उड्यांविरुद्ध डाइक्स्ट्रांनी १९६८ सालीच लिहिले होते आणि पुढच्या भाषांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. पण हत्याराचा दोष सांगणे वेगळे आणि ते हत्यार हातात धरणारा कायमचा बिघडला असे म्हणणे वेगळे. स्पर्शाने मन बिघडते आणि ते पुन्हा शुद्ध होत नाही, या कल्पनेला आपल्याकडे विटाळ म्हणतात. डाइक्स्ट्रांना जातिव्यवस्था अभिप्रेत नव्हती, हे उघड आहे. ते तिरकस लिहिणारे गृहस्थ होते, हेही मान्य. तरी विचाराचा साचा तोच आहे, आणि साचा ओळखण्याचे शिक्षण आपल्याला जन्मापासून मिळालेले आहे.

आता ज्यांच्यावर हा विटाळाचा शिक्का बसला, त्या भाषा कुणासाठी जन्मल्या ते पाहा. बेसिक ही अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ साली चालू केली. विज्ञान आणि गणित न शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणक वापरता यावा, हा तिचा जाहीर हेतू होता. कोबोलचे काम १९५९ साली सुरू झाले. तिच्यावर हॉपर यांच्या आधीच्या भाषेचा मोठा प्रभाव आहे. कचेरीतल्या माणसालाही वाचता येईल अशा साध्या इंग्रजी शब्दांत हिशेबाचे प्रोग्राम लिहिता यावेत, ही तिच्यामागची दृष्टी. दार थोडे किलकिले करणाऱ्या भाषांवरच हा अशुद्धतेचा शिक्का बसला, हे लक्षात ठेवले पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने अमेरिकेत बेकारी उसळली तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे, असे जाहीर आवाहन करावे लागले. बेकारभत्त्याची यंत्रणा त्याच जुन्या भाषेवर चालली होती. गटार तुंबल्यावर ज्याची आठवण होते, त्याची गोष्ट आपल्याला नव्याने सांगायला नको.

यापेक्षा वेगळे वळण घेतलेला वाद १९९२ सालचा आहे. अँड्र्यू टॅनेनबाम हे ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक. विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवण्यासाठी त्यांनी १९८७ साली मिनिक्स नावाची छोटी प्रणाली पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली होती. हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्डस या विद्यार्थ्याने ते पुस्तक वाचून, मिनिक्स वापरून, १९९१ साली स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. तीच लिनक्स. २९ जानेवारी १९९२ रोजी टॅनेनबाम यांनी जाहीरपणे लिहिले, की लिनक्स कालबाह्य आहे. त्यांचे मुख्य आक्षेप दोन होते. प्रणालीचा गाभा लहान असावा आणि फाइली, उपकरणे वगैरेंची कामे त्याच्या बाहेर वेगवेगळी चालावीत, म्हणजे एक कोसळले तरी बाकीचे टिकते. लिनक्समध्ये मात्र सगळे एकाच मोठ्या गाभ्यात कोंबलेले आहे, हा पहिला. लिनक्स इंटेलच्या ३८६ या एकाच प्रोसेसरला बांधलेली आहे, हा दुसरा. आपला विद्यार्थी असतास तर अशा रचनेला चांगले गुण मिळाले नसते, असेही त्यांनी सुनावले.

बावीस वर्षांच्या तोरवाल्डसने भडकून उत्तर दिले. तत्त्वतः लहान गाभा चांगला, हे त्याने कबूल केले. पण मिनिक्समधल्या उणिवाही एकेक करून मोजल्या. पुढे आपल्या तिखट सुराबद्दल त्याने माफी मागितली.

हा वाद वाचताना मला एकलव्य आठवल्याशिवाय राहिला नाही. दूरच्या गुरूचे पुस्तक समोर ठेवून हा मुलगा विद्या शिकला होता. पुस्तक हाच पुतळा. परंतु येथे गुरूने अंगठा मागितला नाही. तो कठोर बोलला, गुणांची भाषाही बोलला, तरीही कारणे देत राहिला आणि उलट कारणे ऐकून घेत राहिला. म्हणून तो वाद टिकला. पुढे लिनक्स अनेक प्रकारच्या प्रोसेसरांवर चालू लागली. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये तिचाच गाभा आहे आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांवर तीच चालते आहे. तर इंटेलच्या प्रोसेसरांतील एका व्यवस्थापन-यंत्रणेत मिनिक्स चालते, हे २०१७ साली उघड झाले. दोन्ही जिवंत राहिल्या.

या कथेने भारावून जाऊ नये, अशाही दोन गोष्टी तिच्यात आहेत. पहिली अशी, की त्या वादात गरीब विद्यार्थ्याची बाजू मांडली ती प्राध्यापकाने. मिनिक्स स्वस्तातल्या यंत्रावर, हार्ड डिस्क नसलेल्या संगणकावरही चालावी, कारण विद्यार्थ्यांना तेवढेच परवडते, असे टॅनेनबाम यांनी स्पष्ट सांगितले होते. त्या वेळी ३८६ हे महागडे यंत्र होते. म्हणजे बंडखोर तेवढा गरिबांचा आणि प्रस्थापित तेवढा श्रीमंतांचा, असा हिशेब दर वेळी जुळत नाही. दुसरी गोष्ट तोरवाल्डसच्या गुणवत्तेची. संगणकाशी त्याची पहिली ओळख आजोबांच्या यंत्रावर झाली. आजोबा संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्यापीठाचे शिक्षण त्याच्या देशात विनाशुल्क होते. त्याची बुद्धी आणि मेहनत खरीच. पण त्या बुद्धीला घर होते, यंत्र होते, वेळ होता. गुणवत्तेच्या नावाने आपल्या मुलांना हिणवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

यंत्रसामग्रीच्या जगातला एक वाद तर थेट शब्दांचाच आहे. एका केबलवर दोन हार्ड डिस्क जोडल्या की एकीला 'मास्टर' आणि दुसरीला 'स्लेव्ह', म्हणजे मालक आणि गुलाम, म्हणण्याची पद्धत होती. २००३ साली लॉस एंजेलिस काउंटीने पुरवठादारांना उपकरणांवरची असली नावे टाळण्यास सांगितले. २०१८ साली पायथन भाषेत आणि २०२० साली लिनक्सच्या गाभ्यातही नव्या लेखनासाठी हे शब्द टाळण्याचे ठरले. प्रत्येक वेळी विरोधाचा सूर एकच होता: हे निव्वळ तांत्रिक शब्द आहेत, त्यात कुणाचा अपमान नाही. जातीच्या नावाने शिवी देणारी म्हण वापरून 'अहो, ती म्हणच आहे' असे म्हणणारे सज्जन मला आठवले. शब्द बदलल्याने गुलामी संपत नाही, हे खरे. पण ज्याच्या आजोबाच्या पाठीवर तो शब्द उमटला आहे, त्याने रोज आठ तास तो टाइप करत बसावे, ही सक्ती तरी का?

मग आपल्या विद्यार्थ्यांनी या वादांत काय करावे? दूर राहू नये. कोणती भाषा, कोणती प्रणाली, कोणते यंत्र चांगले, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरे अभ्यासाने, पुराव्याने द्यावी लागतात. आपल्या बाजूच्या साधनातला दोषही कबूल करावा लागतो. बेसिकवर विटाळाचा आरोप झाला म्हणून बेसिक निर्दोष ठरत नाही. परंतु पहिल्या प्रश्नाच्या जागी कुणी दुसरा प्रश्न सरकवला, की तो तिथेच पकडला पाहिजे. आणि एक कसोटी आपण स्वतःची लावली पाहिजे: या साधनाने नवा माणूस आत येतो की बाहेर राहतो?

भाषाभिमान्यांसाठीही याच कसोटीचे काम पडले आहे. मराठीतला 'तऱ्हा' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकावर नीट उमटावा यासाठी अक्षरसंकेतांत आणि फॉन्टांत वेगळी व्यवस्था करावी लागते. १९९१ साली इस्की हे भारतीय प्रमाण ठरले आणि त्याच साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. असल्या बारीक, कंटाळवाण्या कामामुळे आज खेड्यातली मुलगी फोनवर मराठी लिहिते. त्या कामाला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या पडतात त्या कुणीही न वापरलेल्या दाव्याला.

परिसंवाद संपल्यावर मी त्या विद्यार्थ्याला शोधले. तो म्हणाला, 'सर, माझा प्रश्न चुकला होता का?' मी सांगितले, 'प्रश्न बरोबर होता, फक्त तू लवकर खाली बसलास.' आपल्या मुलांनी लवकर खाली बसू नये, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.