दुसऱ्या खेळाची कादंबरी

दलित साहित्याने मराठीला एक अनोळखी बालपण दाखवले. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनांनी पांढरपेशा वाचकाची झोप उडवली. पण चौदा-पंधरा वर्षांच्या आपल्याच मुलामुलींच्या हाती आपण काय दिले? हा प्रश्न मला मुरबे गावात पडला.

तेथे नववी-दहावीच्या काही मुलांबरोबर मी पुस्तके वाचतो. खाडीपलीकडे सातपाटी, उत्तरेला तारापूरची अणुभट्टी आणि बोईसरचे कारखाने. कोणाचा बाप बोटीवर खलाशी, कोणाची बहीण कंत्राटी कामावर. शाळा कधी सुटेल याचा नेम नाही. या मुलांना मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) मनापासून आवडली. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारे मुकुंद जोशीचे मित्र, शिरोडकरवरचे त्याचे न बोललेले प्रेम. हे सारे प्रामाणिक आहे. मैत्री तेथे उपदेश करत नाही, नुसती असते. मात्र त्या जगात मैत्रीची परीक्षा प्रेम आणि वार्षिक निकाल घेतात. भूक आणि जात ती परीक्षा घेत नाहीत.

म्हणून पुढच्या खेपेस मी ‘अक्करमाशी’तला सहलीचा प्रसंग वाचला. सवर्ण मुले कबड्डी खेळतात. त्यांत घेत नाहीत म्हणून महारांची मुले आपला वेगळा खेळ मांडतात. जेवणे वेगळ्या झाडांखाली होतात, नंतर सवर्णांचे उरलेले अन्न यांच्या वाट्याला येते. घरी आई विचारते, मला थोडे का नाही आणलेस? आणि शाळेत गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. त्या मुलाला तो लिहिता येत नाही. सबंध ‘अक्करमाशी’ हाच तो उशिरा लिहिलेला निबंध आहे, असे मला वाटते.

मुले गप्प झाली. मग एका मुलीने विचारले, “सर, त्या दुसऱ्या खेळात कोण जिंकलं?”

मला उत्तर देता आले नाही. तो खेळ पुस्तकात दोन-चार वाक्यांत संपतो. हा लेखकाचा दोष नव्हे. आत्मकथनाला समाजापुढे साक्ष द्यायची होती, आणि साक्षीदाराला खेळाविषयी कोण विचारतो?

पण हा प्रश्न माझ्यावरही उलटला. लहानपणी एका वर्गमित्राच्या अंगणात मी पाणी मागितले. त्याच्या आईने वरून धार धरली, मी ओंजळीने प्यालो. ही हकिकत मी अनेक सभांतून सांगितली आहे. मात्र पुढचे कधी सांगितले नाही. तो मित्र खाली उतरला, माझ्याशेजारी वाकला आणि त्यानेही ओंजळ पुढे केली. आईने त्याला ओढून आत नेले. हे सांगितले तर संतापाची धार बोथट होईल, असे मला वाटे. आता वाटते, मी अर्धेच खरे बोललो.

मैत्रीचे गोडवे गाऊन जातीवर पांघरूण घाला, असे मी म्हणत नाही. तसले समरसतेचे साहित्य पुष्कळ आहे. त्या मित्राच्या ओंजळीने त्याच्या घरचे दार मला उघडले नाही, हेही लिहिलेच पाहिजे. परंतु नुसते हाल माणसाला वाढवत नाहीत, अनेकदा मोडतात. वाढवते ते शेजारी उभे असलेले कोणीतरी. एकच पुस्तक दोघींत वापरणाऱ्या मुरब्याच्या मुलींना हे ठाऊक आहे. आपल्या समीक्षेने मात्र वेदना, नकार आणि विद्रोह मोजताना या सोबतीची नोंद फारशी घेतली नाही.

कुमारांसाठीची दलित कादंबरी ही दुय्यम, करमणुकीची गोष्ट मानू नये. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी ती लिहायला घ्यावी. वेगळ्या झाडाखाली बसवलेल्या मुलांनी कोणता डाव मांडला, कोण चिडले, कोण हरले, घरी जाताना कोणी कोणाला अर्धी भाकर दिली, हे तीत सविस्तर यावे. ती मुलगी यंदा दहावीत आहे. तिची शाळा सुटण्याआधी तिला उत्तर मिळायला हवे.