चित्रात नसलेला पाहुणा

एल. एस. लाउरी या इंग्रज चित्रकाराचे ‘गोइंग टु द मॅच’ हे १९५३ सालचे चित्र आमच्या काही वाचकांनी निदान छापील प्रतीवरून तरी पाहिले असेल. लँकेशायरमधील बोल्टन या गिरणगावचे बर्नडेन पार्क हे फुटबॉलचे मैदान, मागे धुराडी, आणि सर्व बाजूंनी मैदानाकडे लोटणारी, पुढे झुकलेली, काडीसारखी माणसे. २०२२ साली लिलावात या चित्रास ७८ लक्ष पौंड किंमत आली. सॅल्फर्ड येथील ‘द लाउरी’ या कलागृहाने ते घेतले. तेथेच आम्ही ते पाहिले, आणि आमच्या मनात एक आक्षेप उभा राहिला.

सामना म्हटला की संघ दोन असावयाचे. मग या गर्दीत परगावचा माणूस कोठे आहे? येथे सारे घरचेच. सर्वांची ओढ एक, चाल एक. प्रतिपक्षाची चाहूलही नसलेल्या या समुदायास सामन्याची गर्दी म्हणण्यापेक्षा यात्रा म्हणणे अधिक शोभेल, असे टिपण आम्ही करून ठेवले.

दुसऱ्या दिवशी आमच्या भाच्यासमवेत ऍक्रिंग्टनला जाण्याचा योग आला. भाचा वॉल्सॉलला असतो आणि त्या गावच्या संघामागून गावोगाव हिंडतो. ऍक्रिंग्टन स्टॅन्ली हा त्या वेळी वॉल्सॉलप्रमाणेच चौथ्या श्रेणीत खेळणारा संघ. पैशाअभावी १९६२ साली त्यास लीग सोडावी लागली. १९६८ साली गावाने तो नव्याने उभा केला, आणि लीगमध्ये परत यावयास २००६ साल उजाडले. क्राउन ग्राउंड हे त्याचे मैदान पाच हजारांवर थोड्याच माणसांचे. पाहुण्यांची जागा एका गोलामागे, उघड्या पायऱ्यांवर. डोक्यावर छप्पर नाही, बसावयास बाक नाही; वर पाऊस आणि बाजूला टेकड्या. “मामा, आधी चहा घ्या, हात तरी शेकतील,” असे म्हणून भाच्याने कागदी पेला हाती दिला.

खेळ सुमारच होता. परंतु त्या पायऱ्यांवर उभे असता आमची दृष्टी समोरच्या टोकास, यजमानांच्या क्लेटन एंडकडे गेली, आणि आम्ही चमकलो. पावसाच्या पडद्याआड चेहरे पुसले गेलेली, एकाच वेळी झुकणारी व उसळणारी ती माणसे हुबेहूब लाउरीची होती! परगावच्या प्रेक्षकास यजमानांचा गाव असाच दिसतो. तो पाहुणा चित्रात नाही, कारण चित्र त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेले आहे.

लाउरीचे चरित्र या तर्कास पोषक आहे. १९५२ साली निवृत्त होईपर्यंत तो घरभाडे वसूल करण्याची नोकरी करीत होता. परक्यांच्या दारात उभे राहावयाचे, आत मात्र जावयाचे नाही, असा हा व्यवसाय. बोल्टनही त्याचे गाव नव्हे. तेव्हा आमचा पहिला आक्षेप आम्ही मागे घेतो.

परंतु त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, आणि तो आम्हांस अधिक गंभीर वाटतो. लाउरी दूरच थांबतो. ऍक्रिंग्टनला आम्ही मध्यंतरात थोडे पुढे सरकलो. चहावाल्या बाईने आमच्या गावाची चौकशी केली. यजमानांपैकी एका वृद्धाने वॉल्सॉलच्या जुन्या खेळाडूंची नावे आपुलकीने घेतली. मैदान इतके लहान की खेळाडूस दिलेली शिवी त्याच्या कानी पडते, व तो वळून पाहतो. येथे शत्रूलाही चेहरा असतो. वॉल्सॉल हरले, तेव्हा खेळाडू आमच्या पायऱ्यांपाशी येऊन भिजलेल्या शे-दोनशे माणसांना टाळ्या देऊन गेले. हा प्रसंग लाउरीच्या अंतरावरून रंगविता येत नाही.

कोणी म्हणेल, चित्रकाराने निवडलेली मर्यादा हा त्याचा दोष कसा? दोष नव्हे, हे मान्य. परंतु त्या मर्यादेचे मोल रसिकाने जाणले पाहिजे. बोल्टनच्या संघाने १९९७ साली बर्नडेन पार्क सोडले आणि पुढे ते पाडले गेले. चित्र मात्र लाखांचे झाले. शेजारच्या बेरी गावचा १८८५ साली स्थापन झालेला संघ २०१९ साली लीगमधून काढला गेला. दुरून पाहिलेली गर्दी भिंतीवर टिकते. मैदान टिकते ते पायऱ्यांवर येऊन भिजणाऱ्यांमुळे. भातकापणी झाल्यावर शेतात गोलाचे खांब उभे राहताना पाहिलेल्या गोव्याच्या वाचकांस हे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

सॅल्फर्डला जाणाऱ्या रसिकांनी ते चित्र अवश्य पाहावे. परंतु शनिवार असल्यास, आणि पाऊस असला तरीही, पुढे वीसेक मैल जाऊन एखाद्या परक्या संघाच्या बाजूने उभे राहावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.