सूर तेच, वाद्य कुणाचं?

डिसेंबर १९९७मध्ये आयडी सॉफ्टवेअरने 'डूम' या गेमचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हा त्या कोडला संगीत वाजवता येत नव्हतं.

सूर हरवले नव्हते. ते गेमच्या डेटा फाइलमध्ये, म्हणजे वॅडमध्ये, जागच्या जागी होते. नव्हता तो ते वाजवणारा भाग. १९९३चा डॉसवरचा मूळ डूम आवाजासाठी डीएमएक्स नावाची बाहेरची लायब्ररी वापरायचा आणि ती वाटून टाकायचा हक्क आयडीकडे नव्हता. म्हणून डॉसची नाही, तर लिनक्सची आवृत्ती बाहेर आली. सोबतच्या टिपणात जॉन कारमॅकने ती लायब्ररी घेणं ही चूकच होती, असं आडपडदा न ठेवता लिहून टाकलं. त्या कोडमधली आवाजाची फाइल उघडून बघा. गाणं सुरू करा, थांबवा, आवाज कमी करा, अशी सगळी फंक्शन्स नावानिशी हजर आहेत, फक्त त्यांच्या पोटात काही नाही.

त्यानंतर अनेकांनी हे इंजिन पुन्हा पुन्हा उभं केलं. त्यात दोन कामं हमखास येतात: बिल्ड सिस्टिम नवी करणं आणि संगीत परत आणणं. रिलीज नोट्समध्ये ही दोन्ही शेजारी शेजारी बसतात, 'आधुनिकीकरण' या एकाच मथळ्याखाली. माझं म्हणणं असं आहे, की ही दोन्ही कामं एकाच मापाने मोजता येत नाहीत आणि तशी मोजल्यामुळे चांगल्या चांगल्या प्रकल्पांनी संगीताच्या बाबतीत गोंधळ घातला आहे.

कुणालाच न दिसणारं काम

मी पोटासाठी जे काम करते त्यात बिल्डचा वाटा मोठा आहे, त्यामुळे १९९७ची ती मेकफाइल मी जरा प्रेमानेच वाचते. जीसीसी कंपायलर, दोन-तीन फ्लॅग, चार लायब्रऱ्या आणि साठेक ऑब्जेक्ट फाइलींची यादी. बस. यादी वाचता वाचता अख्खं इंजिन कळतं: इथे नकाशा, इथे मेन्यू, इथे भिंती रंगवणारा भाग.

पण आज ती तशीच चालवली तर काम होत नाही. पॉइंटर ३२ बिटांचाच असणार, हे कोडने गृहीत धरलेलं आहे. त्यामुळे ६४ बिटांच्या मशिनवर तो कसाबसा कंपाइल झाला तरी सुरू होताच कोसळतो. स्क्रीन २५६ रंगांचीच असेल, हेही गृहीत धरलेलं आहे. म्हणजे मेकफाइल वाचायला सोपी होती, कारण ती ज्या जगात राहत होती ते जग एवढंसंच होतं.

'चॉकलेट डूम' २००५पासून सुरू आहे. त्याने आधी ऑटोटूल्स वापरली, नंतर सीमेक आणलं. खिडकी, कीबोर्ड आणि आवाज यांच्यासाठी एसडीएल ही लायब्ररी घेतली आणि २०१७मध्ये तिच्या दुसऱ्या पिढीवर उडी मारली. 'जीझेडडूम'ने तर संगीत वाजवणारा सगळा भाग इंजिनातून काढून 'झेडम्युझिक' नावाची वेगळी लायब्ररी केली. तिचं बिल्ड वेगळं, आणि ती दुसऱ्या इंजिनांनाही वापरता येते. इंजिनियर म्हणून मला हे काम देखणं वाटतं. इंजिनाच्या पोटात गुंतलेला भाग सोडवून, त्याच्या कडा नीट शिवून बाहेर ठेवणं सोपं नसतं.

अशा कामाची परीक्षा मात्र सरळ असते. आतलं सगळं बदललं आणि खेळणाऱ्याला काहीच कळलं नाही, तर काम उत्तम. बिल्ड सिस्टिमला श्रोता नसतो.

संगीताला श्रोता असतो

डूममधलं गाणं रेकॉर्डिंग नाही. मस नावाच्या फॉरमॅटमधली ती छोटीशी फाइल असते, हल्लीच्या मोबाइलवर काढलेल्या एका फोटोच्या पासंगालाही न पुरणारी. कुठलं वाद्य, कुठला सूर, किती जोरात, आणि पुढच्या सुरापर्यंत किती थांबायचं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. सेकंदाचे १४० भाग करून हे थांबणं मोजलेलं असतं. मिडीशी ती इतकी मिळतीजुळती आहे, की एकीचं दुसरीत रूपांतर करणं फार अवघड नाही. तालवाद्यं मसमध्ये १५ क्रमांकाच्या चॅनलवर असतात आणि मिडीमध्ये दहाव्या, असे काही फरक सांभाळले की झालं.

म्हणजे ही नोंद आहे. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकात बंदिश असते तशी. पुस्तक उघडून कुणाला भीमसेन ऐकू येत नाहीत.

मग डूमचं गाणं गायलं कुणी? १९९३च्या घरगुती पीसीत बहुधा साउंड ब्लास्टर जातीचं कार्ड असायचं आणि त्यावर यामाहाची ओपीएल चिप. ती खऱ्या वाद्याचा नमुना वाजवत नाही, लहरीवर लहर चढवून आवाज घडवते. तिच्यावरची गिटार म्हणजे रागावलेली माशी. ज्यांच्याकडे जास्त पैसे होते त्यांच्याकडे रोलँडचा एससी-५५ असे. त्यात खऱ्या वाद्यांचे नमुने. पुढे विंडोजने आपल्यासोबत जो मिडी सिंथ दिला, त्याचे आवाज रोलँडकडूनच आले होते. डूमच्या वॅडमध्ये ओपीएलसाठी वाद्यांची स्वतंत्र व्याख्या आहे आणि ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डासाठी वेगळी यादी आहे. बॉबी प्रिन्सने रचलेली एकच चाल प्रत्येक घरात वेगळी वाजत होती, आणि ती तशी वाजणार हे गेम बनवणाऱ्यांना ठाऊक होतं.

त्यामुळे 'मूळ आवाज' असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारते: कुणाच्या घरातला?

दोन उत्तरं

चॉकलेट डूमचं उत्तर हट्टी आहे. तो मुळात ओपीएल चिपची नक्कल करून संगीत वाजवतो. ही नक्कल वरवरची नाही. जुन्या ओपीएल चिपवर एका वेळी नऊच आवाज निघतात, गाण्याला कधी त्याहून जास्त हवे असतात. मग कुठला सूर मध्येच तोडायचा? डीएमएक्सचे याबाबतचे नियम आवृत्तीगणिक थोडे वेगळे होते, आणि चॉकलेट डूमने ते वेगवेगळे नियमसुद्धा पुन्हा लिहिले आहेत. जी लायब्ररी वाटता आली नाही, तिच्या खोडीसकट तिचा स्वभाव उतरवून घेतला आहे. मला हे पाठांतराच्या जवळचं वाटतं. गुरूने जिथे श्वास तोडला तिथेच शिष्याने तोडायचा.

जीझेडडूमचं उत्तर मोकळं आहे. सोबत एक साउंडफाँट येतो, म्हणजे वाद्यांच्या नमुन्यांची पेटी. फ्लुइडसिंथ ती वाजवतो. नको असेल तर दुसरी पेटी लावा, ओपीएलची नक्कल निवडा, एमपीथ्री घाला. सगळं शक्य आहे.

मला तक्रार आहे ती या मोकळेपणाच्या मांडणीबद्दल. मेन्यूत जाऊन बघा: फ्लुइडसिंथ, टिमिडिटी, वाइल्डमिडी, ओपीएल एम्युलेशन. ही आवाजांची नावं नाहीत. ही लायब्रऱ्यांची नावं आहेत, बिल्ड करणाऱ्याच्या डोक्यातली. पहिल्यांदा डूम खेळणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला यातून काय कळणार? '१९९३चं स्वस्त कार्ड', 'महागडा रोलँड', 'आजची वाद्यं' असं लिहिलं असतं तर त्याने निवड केली असती. आता तो जे आधीपासून लागलेलं आहे तेच ऐकतो, आणि डूम असाच वाजतो असं समजतो.

इथे बिल्डचं माप संगीताला लावलं गेलं आहे. साउंडफाँट ही एक डिपेंडन्सी, ती बदलली, टेस्ट पास झाल्या, पुढे चला. पण ती डिपेंडन्सी म्हणजे गायकाचा गळा आहे.

हट्टी उत्तरही निर्दोष नाही. ओपीएल हाच आवाज मुळात लावून ठेवला, की एससी-५५ ऐकत मोठे झालेले लोक बाजूला पडतात. चॉकलेट डूमला याची जाण आहे. रेकॉर्ड केलेल्या संगीताचे संच त्यात बसवता येतात आणि एससी-५५वर वाजवून घेतलेले संच लोकांनी केलेले आहेत. फक्त ते शोधून आणून बसवायचं काम खेळणाऱ्याचं.

जिथे दोन्ही भेटतात

एक जुनी अडचण मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. विंडोज व्हिस्टापासून मिडीचा आवाज कमी केला की अख्ख्या प्रोग्रॅमचाच आवाज कमी व्हायचा. संगीत मंद केलं की बंदुकाही मंद. चॉकलेट डूमने यावर उपाय काढला: संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम. बिल्डमधून आता एकाऐवजी दोन प्रोग्रॅम निघायचे, दुसऱ्याचं काम फक्त गाणं वाजवणं. योगायोग असा, की १९९७च्या लिनक्स आवृत्तीतही आवाजासाठी वेगळा प्रोग्रॅम होता, स्वतःच्या वेगळ्या मेकफाइलसह.

बिल्ड वाकडं झालं ते कानासाठी. मला हा क्रम बरोबर वाटतो. आधी काय ऐकू यायला हवं ते ठरवायचं आणि मग त्यासाठी यंत्रणा कितीही गैरसोयीची झाली तरी चालवून घ्यायची.

२०२४मध्ये डूमची नवी अधिकृत आवृत्ती आली. तिच्यात जुनं संगीत आहेच, शिवाय अँड्र्यू हल्शल्टने खऱ्या गिटारींवर नव्याने वाजवलेलं 'आयडीकेएफए'ही आहे, वेगळ्या नावाने आणि वादकाच्या श्रेयासह. मला ते दर वेळी आवडतं असं नाही. काही ठिकाणी ते इतकं भरगच्च आहे, की मूळ चालीतली रिकामी जागाच नाहीशी होते, आणि दारामागे काहीतरी गुरगुरतंय ही भीती त्या रिकाम्या जागेतच होती. पण ते स्वतःला दुसरं गायन म्हणवतं, म्हणून त्याच्याशी भांडता येतं. साउंडफाँट गुपचूप बदलतो तेव्हा भांडायला समोर कुणीच नसतं.

म्हणून जुन्या इंजिनांवर काम करणाऱ्यांकडे माझं मागणं लहान आहे. बिल्ड हवं तितकं बदला, आम्हाला सांगितलं नाही तरी चालेल. वाद्य बदलाल तेव्हा मात्र वादकाचं नाव मेन्यूत लिहा, आणि आवाजाला आवाजाच्याच नावाने हाक मारा.