राजव्यवहारकोश : पुरावा, पण कशाचा?

मराठीतल्या फारसीवर प्रबंध लिहायचा म्हटलं की आधी शिवकालीन राजव्यवहारकोश येतो. सुमारे १,४०० दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द. आणि लगेच निष्कर्ष: ‘फारसी हटली.’ हे घाईचं आहे. कोश काय लिहावं ते सांगतो, लोक काय लिहीत होते ते नाही. नियमावलीला आपण प्रयोगवहीतली नोंद म्हणू का? १६७४च्या राज्याभिषेकात ‘पेशवा’चा ‘मुख्य प्रधान’ झाला. पुढचं शतक मात्र पेशव्यांच्याच नावानं ओळखलं गेलं! आमच्या मालवणातही ‘बंदर’ फारसी, ‘मोसम’ अरबी. तेव्हा कोशाशेजारी माधव ज्यूलियन यांचा १९२५चा फारसी-मराठी कोश ठेवा, आणि त्याच दशकांतली मोडी पत्रं घेऊन एकेक शब्द मोजा.