मांडवातले गाणे

डिसेंबर जवळ आला की पुण्यात एक प्रश्न हटकून निघतो. सवाई गंधर्व महोत्सवाला पैसे मोडून, थंडीत कुडकुडत, तासन्‌तास मांडी घालून बसण्यात काय हशील? तेच गाणे घरी, चहा घेत ऐकता येत नाही काय?

आक्षेप खोटा नाही. मांडवात तंबोऱ्याचा झंकार ध्वनिक्षेपकातून गाळून येतो. शेजारी बटाटेवड्याची चर्चा चालू असते. खाजगी बैठकीची नजाकत तिथे शोधू नये.

पण १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या उत्सवाचे मोल निराळे होते. रात्रभर बसणाऱ्याला मध्यरात्री मालकंस नि पहाटे ललत आपापल्या वेळी भेटे. थंडी-जागरण ही त्या भेटीची किंमत होती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले. शेजाऱ्यांचा झोपेचा हक्क मला मान्य आहे; तरी खर्च राहिला, दगदग राहिली, पहाट मात्र गेली, हे म्हटलेच पाहिजे.

मग जावे का? जावे. घरी आपण विलंबित ख्याल अर्ध्यावर सोडून उठतो. तिथे दाटीतून उठायला वाटच नसते. बसून राहावे लागते, म्हणूनच राग सावकाश उमलताना दिसतो आणि हजारो अनोळखी माना एकाच समेवर हलतात. ती सम घरात सापडत नाही.

मात्र पाचही दिवसांचा हव्यास नको. एकच दिवस निवडा, शाल न्या, आणि गाणे चालू असता बोलू नका!